चार गुंठे आणि एक कुंपण: केरळच्या गौरी अम्मांची केस, दारव्ह्याकडून वाचलेली

आमच्या गावात एक अभ्यासिका आहे. म्हणजे ग्रामपंचायतीची जुनी खोली, बारा खुर्च्या, अन् एक इन्व्हर्टर जो लाइन गेली की पंधरा मिनिटात दम टाकते. दारव्हा तालुक्यातली पाच-सहा खेड्यातली पोरं-पोरी एमपीएससी करायला येतात आणि रविवारी मी त्यांना राज्यशास्त्र आणि भूसुधारणा घेतो. सर-बिर काही नाही मी, दोनदा मेन्स देऊन घरी आलेला माणूस, आता कृषी केंद्र चालवतो, पण पोरं दादा म्हणतात आणि ऐकतात.

तर गाइडमध्ये एक वाक्य आहे जे सगळ्यांना पाठ असतं, की भूसुधारणा केरळ आणि पश्चिम बंगालमध्ये यशस्वी झाल्या, बाकी राज्यात अंशतः. एक पोरगी, शेवटच्या खुर्चीवर बसते, फारसं बोलत नाही, ती म्हणाली, "दादा, पण काऊन? केरळात काय पाऊस वेगळा पडते का?" सगळे हसले. आता पाऊस तर वेगळा पडतोच, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त पडतो, पण तिला तसं म्हणायचं नव्हतं आणि मला उत्तर आलं नाही. "राजकीय इच्छाशक्ती" असं काहीतरी बोललो, जे गाइडमध्येच होतं.

घरी आल्यावर ठरवलं की यशस्वी-अयशस्वीचा रट्टा सोडायचा आणि एकच माणूस, एकच बिल धरून पूर्ण केस लिहून काढायची. माणूस निवडला के. आर. गौरी अम्मा. आमदार, मंत्री, कम्युनिस्ट, आणि शेवटी कम्युनिस्टांनीच काढून टाकलेल्या. खाली जे आहे ते त्याच रविवारच्या नोट्स, थोड्या फुगलेल्या.

आधी बाई कोण होत्या ते

जन्म १४ जुलै १९१९, आलप्पुळा जिल्ह्यात चेर्तलाजवळ पट्टणक्काड. समाज एळवा, म्हणजे ताडी काढणारे, नारळाच्या काथ्याचं काम करणारे म्हणून ओळखला जाणारा, ज्यांना देवळाच्या रस्त्यावरूनही चालू द्यायचे नाहीत असा काळ होता तो. पण घर गरिबाचं नव्हतं, बापाजवळ जमीन होती आणि पोरीला शिकवायची अक्कलही होती. एर्नाकुलमला कॉलेज, मग त्रिवेंद्रमला लॉ. एळवा समाजातून वकील झालेल्या पहिल्या बायांमध्ये त्यांचं नाव घेतात. भाऊ सुकुमारन युनियनचं काम करायचा, त्याच्यामुळे पक्षाकडे ओढल्या गेल्या. स्वातंत्र्यानंतर पक्षावर बंदी आली त्या काळात जेल पाहून आल्या.

१९५२ आणि १९५४ ला त्रावणकोर-कोचीनच्या विधानसभेत निवडून आल्या. मग १ नोव्हेंबर १९५६ ला केरळ राज्य झालं. हाच दिवस आपणही लक्षात ठेवायचा, कारण त्याच दिवशी आपला विदर्भ जुन्या मध्य प्रदेशातून उचलून द्विभाषिक मुंबई राज्यात टाकला. दोन्हीकडे नवीन घर, नवीन भिंती. पोरांना हे सांगितलं की केस आपोआप जवळची वाटायला लागते.

१९५७ च्या निवडणुकीत केरळात १२६ पैकी ६० जागा कम्युनिस्टांना आणि पाठिंब्याचे ५ अपक्ष. ई. एम. एस. नंबुद्रिपाद मुख्यमंत्री, स्वतः जमीनदार नंबुद्री घराण्यातले. मंत्रिमंडळ ११ जणांचं, त्यात बाई एकच, गौरी अम्मा, वय ३७, आणि खातं महसूल. महिला-बालकल्याण नाही बरं का, महसूल. पटवारी-तहसीलदार ज्याच्या हाताखाली ते खातं.

सहा दिवस

मला विचाराल तर सगळी केस इथेच आहे आणि बाकी सगळा तिचा पसारा.

५ एप्रिल १९५७ ला शपथ झाली. ११ एप्रिलला वटहुकूम निघाला की राज्यात कुठल्याही कुळाला, कुठल्याही झोपडीवाल्याला जमिनीवरून काढायचं नाही, कोर्टात जे खटले चालू आहेत ते जागच्या जागी थांबवा. सहा दिवस. मोठा कायदा, कमाल मर्यादा, मालकी, किंमत, ते सगळं नंतर. आधी हलायचं नाही.

हे का महत्त्वाचं ते शेतीतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. बटईने वावर देणाऱ्याला जर कानावर आलं की सरकार कसणाऱ्याचं नाव लावणार आहे तर तो कायद्याची वाट पाहत बसेल का? तो त्याच पाडव्याला गडी बदलेल. कायदा विधानसभेत पोचेपर्यंत वावर रिकामं आणि सातबारा स्वच्छ, मग कायदा आला काय अन् नाही आला काय. म्हणून आधी दार लावून घ्यायचं आणि मग आत बसून हिशोब करायचा, हे त्या बाईच्या सरकारला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं.

तिथली जमिनीची रचना आपल्यापेक्षा गुंत्याची होती. वर जन्मी, म्हणजे मूळ मालक, बरेचदा नंबुद्री किंवा देवस्थान. त्याच्याखाली काणक्कारन, जो रक्कम भरून जमीन घेतो आणि पुढे देतो. त्याच्याखाली वेरुंपाट्टक्कारन, जो खरं कसतो आणि ज्याच्या हातात कागद नाही. आणि सगळ्यात तळाशी कुडिकिडप्पुकारन, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीच्या कोपऱ्यात झोपडी टाकून राहणारा मजूर, मालक नाराज झाला की झोपडीसकट बाहेर. आपल्याकडच्या भाषेत पाटील, मक्तेदार, बटईवाला आणि सालदार असं समजा, अगदी जुळत नाही पण पोरांना चित्र दिसतं.

त्याच वेळी आपल्याकडे

गंमत बघा. पश्चिम महाराष्ट्रात कुळकायद्याचा कृषक दिन ठरला १ एप्रिल १९५७, म्हणजे केरळच्या शपथविधीच्या चार दिवस आधी. त्या दिवशी कूळ मालक झालं, निदान कायद्याने. पण आपण तेव्हा राज्यात नवीन, आपले कायदे वेगळे. आपल्यासाठी वेगळा विदर्भ कुळवहिवाट कायदा झाला १९५८ चा, लागू झाला त्या वर्षाच्या डिसेंबरात, आणि मालकी हस्तांतराची तारीख पडली १ एप्रिल १९६१, काही कुळांसाठी तर १ एप्रिल १९६३. एकाच राज्यात असून चार ते सहा वर्षांचं अंतर.

आता न्यायाने सांगायचं तर बेदखलीपासून संरक्षण आपल्याकडे नव्हतंच असं नाही. वऱ्हाडासाठी १९५१ चा पट्ट्याचा कायदा होता, आणि १९५७ चा कुळांना बेदखलीपासून वाचवणारा कायदासुद्धा होता. कागदावर होतं सगळं. पण त्याच कागदात दोन भोकं होती. एक, मालक म्हणाला मला स्वतः कसायचं आहे तर तो जमीन परत मागू शकतो. दोन, कुळाने आपल्या मर्जीने राजीनामा दिला तर विषयच संपला. मर्जी कशी तयार होते हे वऱ्हाडात कोणाला सांगायला नको.

आमच्याच घरातली गोष्ट. माझे आबाजी नऊ एकर वावर बटईने करायचे, पऱ्हाटी आणि ज्वारी. मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ, आज चौऱ्याऐंशीचे आहेत, ते तेव्हा पोरसवदा होते. त्यांना साल आठवत नाही, पण एवढं आठवतं की मालकाचा दिवाणजी उन्हाळ्यात घरी आला, चहा प्यायला, जे कधी होत नव्हतं, आणि म्हणाला की सरकारचा काही नवीन कागद आहे, आंगठा लागते. "बुढ्यानं आंगठा देल्ला," मोठेबाबा सांगतात, "अन् मंग मृगात समजलं का आपलं वावर गेलं. त्याच वावरात बुढा सालदार म्हणून रायला मंग. तेच बैल, तेच वावर, पगार तेवढा वेगळा." ते हे रागाने सांगत नाहीत, हवामान सांगावं तसं सांगतात.

मालक वाईट होता असंही नाही म्हणे, पोरीच्या लग्नाला पोतंभर ज्वारी दिली होती. मुद्दा तो नाहीच.

बरं, विदर्भात कम्युनिस्ट नव्हते का? होते ना. त्याच १९५७ ला नागपुरातून ए. बी. बर्धन मुंबई राज्याच्या विधानसभेत निवडून गेले, अपक्ष म्हणून. बंगालात जन्मलेला माणूस, पोरवयात नागपुरात आला, विद्यार्थी चळवळीतून पुढे गिरणी, वीज, रेल्वे कामगारांच्या युनियन बांधल्या, आणि खूप वर्षांनी, १९९६ ला, भाकपचे सरचिटणीस झाले. पण ते आमदार शहराचे, ताकद कामगारांत. नंतर लोकसभेला १९६७ आणि १९८० ला नागपुरातूनच पडले. ग्रामीण बाजूने बघाल तर अमरावतीतून १९८९ ला भाकपचे सुदामकाका देशमुख आणि वर्ध्यातून १९९१ ला माकपचे रामचंद्र घंगारे लोकसभेत गेले, म्हणजे लाल झेंडा आपल्या लोकांना चालतच नाही हे खोटं आहे. पण हे सगळं एकेकटं. महसूल खातं कधी हातात आलं नाही, आणि १९५७-५८ मध्ये कुळाच्या दाराशी जाऊन "आंगठा देऊ नको" सांगणारा माणूस आमच्या गावापर्यंत पोचला नाही. निदान आबाजींपर्यंत तरी नाही.

बिल पास, सरकार खल्लास

परत केरळात. जमीन संबंध विधेयक मांडलं डिसेंबर १९५७ मध्ये. त्यात कुळाला कायम हक्क, खंडाला लगाम, कमाल मर्यादा, आणि पुढे जाऊन कुळाने जमीन विकत घ्यायची सोय. चर्चा, निवड समिती, लोकांची मतं असं करत ते पास झालं १० जून १९५९ ला.

तोवर बाहेर आग लागलेली होती. शिक्षणमंत्री मुंडश्शेरी यांच्या शिक्षण विधेयकावरून चर्च आणि खाजगी शाळावाले रस्त्यावर, मन्नत्तु पद्मनाभन यांच्यामागे नायर समाजाची संघटना, काँग्रेस मागून, आणि या सगळ्याला नाव विमोचन समरम्, मुक्तिसंग्राम. आता शिक्षणाचं बिल दिसायला पुढे होतं, पण जमिनीचं बिल ज्यांच्या घशात अडकलं होतं तेही त्याच मोर्चात होते, हे समजायला फार हुशारी नाही लागत. ३१ जुलै १९५९ ला केंद्राने घटनेचं कलम ३५६, म्हणजे राष्ट्रपती राजवट, लावून सरकार बरखास्त केलं. बिल पास झाल्याला दोन महिनेही नव्हते झाले. राष्ट्रपतींची सही तोवर नव्हतीच. (एमपीएससीवाल्यांनो, ३५६ च्या गैरवापराचं उदाहरण विचारलं की हेच आधी लिहा.)

पुढचं थोडक्यात सांगतो कारण ते कोर्टकचेरीचं आहे. बिल परत आलं, नवीन सरकारने बदलून १९६० ला पुन्हा पास केलं, १९६१ ला सही झाली. त्याच वर्षी डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने करिंबिल कुञ्ञिकोमन खटल्यात कासरगोड-होसदुर्ग भागातल्या रयतवारी (जिथे शेतकरी सारा थेट सरकारला भरतो) जमिनींपुरतं ते उडवलं. कारण काय, तर घटनेच्या ३१अ मध्ये "इस्टेट" ला संरक्षण आहे आणि रयतवारी जमीन म्हणजे इस्टेट नाही. शिवाय चहा-कॉफी-रबराच्या मळ्यांना सूट आणि सुपारी-मिरीच्या बागांना नाही, हा भेदभाव. इथे आमच्या पोरांचे कान टवकारले, कारण वऱ्हाडसुद्धा रयतवारीच. एका शब्दावर कायदा पडू शकतो. मग १९६४ ला सतरावी घटनादुरुस्ती आली, इस्टेटच्या व्याख्येत रयतवारी आली, घटनेच्या नवव्या परिशिष्टात, म्हणजे कोर्टातल्या आव्हानापासून वाचवणाऱ्या यादीत, ४४ कायदे गेले. परीक्षेत हे ४४ विचारतात, पण त्यामागे कासरगोडचं वावर आहे हे कोणी सांगत नाही.

नवरा-बायको, दोन पक्ष

हे केसमध्ये टाकावं की नाही यावर मी अडकलो होतो, पण टाकतो. १९५७ ला मंत्री असतानाच गौरी अम्मांचं लग्न झालं टी. व्ही. थॉमस यांच्याशी, तेही त्याच मंत्रिमंडळात, तेही आलप्पुळ्याच्या कामगार चळवळीतले. १९६४ ला पक्ष फुटला. ते भाकपमध्ये राहिले, या माकपमध्ये गेल्या. १९६७ ला सात पक्षांचं सरकार आलं, परत नंबुद्रिपाद, आणि नवरा-बायको दोघं परत एकाच मंत्रिमंडळात, फक्त आता दोन वेगळ्या पक्षांचे मंत्री म्हणून. संसार टिकला नाही.

आमच्याकडे भावकी धुऱ्यावरून फुटते, पक्षावरून घर फुटलेलं मी फार पाहिलं नाही, उलट एक भाऊ या पक्षात आणि एक त्या पक्षात ठेवून दोन्हीकडून ठेके घेणारी घरं पाहिली आहेत. म्हणून ही गोष्ट ऐकून पोरं गप्प झाली. एकाने विचारलं, मग बाईने काय केलं? काय करणार, महसूल खातं केलं.

कुंपण

१९६७ ला गौरी अम्मांकडे पुन्हा महसूल. दहा वर्षं जुनी फाइल पुन्हा टेबलावर. मधल्या काळात काँग्रेस सरकारने १९६३ चा जमीन सुधारणा कायदा केला होता, पण ढिला. त्याची मोठी दुरुस्ती त्यांनी आणली, विधानसभेत ती पास झाली ऑक्टोबर १९६९ ला, आणि, हसू नका, परत सरकार पडलं. बाई बिल पास करतात आणि सरकार पडतं, दुसऱ्यांदा. नोव्हेंबरात भाकपचे अच्युत मेनन मुख्यमंत्री झाले आणि कायदा लागू झाला १ जानेवारी १९७० पासून. त्यामुळे श्रेय कोणाचं यावर भाकप आणि माकप आजही भांडतात, २०२० ला पन्नास वर्षं झाली तेव्हाही भांडले. एकाने मांडलं, दुसऱ्याने लागू केलं. माझ्या मते वावर ज्याला मिळालं त्याला याच्याशी काही घेणंदेणं नसतं.

कायद्यात दोन मोठ्या गोष्टी. पहिली, कुळाच्या ताब्यातल्या जमिनीचा मालकीहक्क त्या तारखेला सरकारकडे आला आणि सरकारकडून तो कुळाला घेता येणार. जन्मी हा प्रकारच संपला, आणि पुढे जमीन कुळाला लावायलाही बंदी. दुसरी म्हणजे झोपडीवाल्याचा हक्क, कुडिकिडप्पु. ज्या जागेवर झोपडी आहे ती आणि सभोवतालची मिळून खेड्यात १० सेंट, नगरपालिकेत ५, मोठ्या शहरात ३, बाजारभावाच्या चौथाई किमतीत विकत घ्यायचा हक्क.

सेंट म्हणजे एकराचा शंभरावा भाग. १० सेंट म्हणजे आपले बरोबर चार गुंठे. हे मी फळ्यावर लिहिलं तेव्हा पोरांना पहिल्यांदा कायदा दिसला असं वाटलं.

पण कायदा लागू झाला म्हणजे काय झालं? पटवारी दारी आला का चार गुंठे मोजून द्यायला? नाही आला. डिसेंबर १९६९ मध्ये आलप्पुळ्याला माकपच्या शेतकरी-मजूर संघटनांचा मोठा मेळावा झाला, त्यात माकपचे नेते ए. के. गोपालन होते, आणि तिथे ठरलं की १ जानेवारीपासून सरकारच्या कागदाची वाट पाहायची नाही, खंड देणं बंद, आणि झोपडीवाल्याने आपली १० सेंट जागा स्वतः मोजून स्वतः कुंपण घालायचं. नारळ त्या कुंपणाच्या आत असेल तर त्याचे नारळ आपणच काढायचे. मारामाऱ्या झाल्या, गोळीबार झाला, माणसं मेली, हजारो जेलमध्ये गेले, आणि गंमत म्हणजे हे सगळं कायद्यात जे लिहिलं आहे तेच करण्यासाठी.

तर त्या पोरीच्या "काऊन" चं उत्तर माझ्यापुरतं असं आहे. एका टोकाला सहा दिवसात निघालेला वटहुकूम, दुसऱ्या टोकाला रात्रीत घातलेलं कुंपण, आणि मध्ये तेरा वर्षं एकच फाइल दोन सरकारं पडूनही हातातून न सोडणारी एक मंत्री. आपल्याकडे मधला भाग होता, कायदा होता, बराच बरा होता. दोन्ही टोकं नव्हती. आबाजींचा आंगठा त्या पहिल्या टोकाच्या जागी पडला.

आमच्या एका मित्राचं यावर म्हणणं आहे की आपल्याकडे विनोबा होते ना, भूदान होतं, पवनार तर इथेच. होतं. पण दान देणारा वावर कोणतं देतो हेही आपण पाहिलं आहे, खडक आणि मुरूम. सगळं तसंच होतं असं नाही म्हणत मी, पण बरंचसं.

जे राहिलं ते

आता केस लिहायची तर उणी बाजू पण लिहावी लागेल, नाहीतर ती आरती होते.

चहा, कॉफी, रबर, वेलचीचे मळे कमाल मर्यादेच्या बाहेर राहिले, आणि केरळात खरी मोठी जमीन तिथेच. कुळाला वावर मिळालं, पण कूळ कोण होतं? बहुतेक मधल्या जाती. प्रत्यक्ष चिखलात उतरून भात लावणारा दलित मजूर कूळ नव्हताच, त्याला मिळाले ते दहा सेंट किंवा सरकारी कॉलनीतलं घर. "कसेल त्याची जमीन" मध्ये कसेल म्हणजे नेमकं कोण हे ज्याने लिहिलं त्याने मजूर धरला नाही. आपल्याकडे सालदार कोणी धरला?

आदिवासींचं तर अजून वेगळं. त्यांच्या गेलेल्या जमिनी परत द्यायचा कायदा केरळात १९७५ ला झाला आणि वर्षानुवर्षं कपाटात राहिला. नव्वदच्या दशकात तो पातळ करणारी दुरुस्ती विधानसभेत आली तेव्हा डावे-उजवे सगळे एका बाजूला आणि विरोधात एकट्या गौरी अम्मा. तोवर त्या माकपमध्ये नव्हत्या. मला त्यांच्या सगळ्या करिअरमध्ये हा एक हात सगळ्यात जास्त आवडतो, पण ते माझं.

मर्यादेचा आकडाही पोरं फेकतात, की तिथे पाच माणसांच्या कुटुंबाला १० प्रमाण एकर (जमिनीच्या प्रतीनुसार ठरणारा एकर), जास्तीत जास्त १५, आणि आपल्याकडे कोरडवाहूला ५४ एकर, बघा किती फरक. फरक आहे, पण त्यांच्या दुबार धानाच्या एका एकराची आणि आपल्या मुरमाड एकराची बरोबरी करू नका. ५४ एकर मुरमावर माणूस कर्जबाजारी होतो, आम्ही रोज दुकानात पाहतो, उधारीच्या वहीत.

मग त्यांना काय मिळालं

१९८७ ला केरळात डाव्यांच्या प्रचारात घोषणा होती की नारळाने भरलेल्या केरळावर गौरी राज्य करणार. निवडणूक जिंकली. मुख्यमंत्री झाले ई. के. नायनार. गौरी अम्मा उद्योगमंत्री. बाई म्हणून नाही झाल्या, जात म्हणून, कडक स्वभाव म्हणून, की पक्षातल्या गटामुळे, तिथे आजही लोक वाद घालतात. मला वाटतं सगळं थोडंथोडं, आणि असं असलं की कोणा एकालाच दोषी धरता येत नाही, तीच तर सोय असते.

१ जानेवारी १९९४ ला पक्षविरोधी वर्तनाचा ठपका ठेवून माकपने काढलं. तारीख बघा, कायदा लागू झाला त्याच्या बरोबर चोवीस वर्षांनी त्याच दिवशी. त्यांनी जेएसएस (जनाधिपत्य संरक्षण समिती) नावाचा स्वतःचा पक्ष काढला, १९९६ आणि २००१ ला अरूरमधून निवडून आल्या, आणि २००१ पासून काँग्रेसच्या आघाडी सरकारात मंत्री, ज्या आघाडीविरुद्ध आयुष्य घालवलं तिच्याच. २००६ ला अरूरलाच माकपच्या तरुण उमेदवाराकडून पडल्या, वय ८६. पुढे म्हातारपणी जुन्या लोकांशी परत जवळीक झाली. ११ मे २०२१ ला गेल्या, वय १०१, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेच्या धामधुमीत, १९५७ च्या त्या मंत्रिमंडळातल्या शेवटच्या.

आता आमचा मक्ता

केसचा शेवट परीक्षेत जिथे होतो तिथे गावात होत नाही, म्हणून हे एक.

केरळात जमीन लावायला बंदी झाली, तरी आज तिथे कुडुंबश्री या सरकारी बचत गट योजनेतले बायकांचे गट पडीक वावरं घेऊन भात-भाजी करतात, तोंडी किंवा अर्धवट कागदावर. आणि आमच्याकडे? मक्ता, ठोका, बटई, सगळं तोंडी. मालक लिहून देत नाही, कारण त्याच्या बापाने कुळकायदा पाहिला आहे, कागद झाला की वावर गेलं ही भीती त्याच्या हाडात आहे. म्हणजे ज्या कायद्याने आबाजींना वाचवलं नाही त्याच कायद्याची भीती आज मक्तेवाल्याला कागदापासून तोडते. पीक कर्ज नाही, विम्यात भाडेकरार मागतात, नुकसानीचे पैसे मालकाच्या खात्यात. आमच्या गल्लीतली एक मावशी, नवऱ्याने जीव दिला, सात एकर मक्त्याने केलं होतं त्याने, स्वतःच्या नावावर काही नाही. एक लाखाच्या मदतीची फाइल अपात्र. सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणजे तो शेतकरीच नव्हता. एका कार्यालयात मी स्वतः तिच्यासोबत तीनदा गेलो, तिथल्या माणसाने नियम दाखवला, नियम बरोबर होता.

पुढच्या रविवारी मी ठरवलं की चार गुंठे म्हणजे किती ते पोरांना दाखवायचं. चार गुंठे म्हणजे ४३५६ चौरस फूट, म्हणजे नेमके ६६ फूट बाय ६६ फूट, एक रस्सी आणि चार खुंट्या पुरतात. शाळेच्या मैदानावर आखलं. मोठेबाबा काठी टेकत पाहायला आले, एका खुंटीपाशी उभे राहिले आणि बोट दाखवत म्हणाले, "इथं खोपडी, इथं म्हैस, आन् ह्या आंगाले दोन लिंबोनीचे झाडं. लय झालं नं बाप्पा." पोरांनी मोबाइलमध्ये फोटो काढले.

ती शेवटच्या खुर्चीवाली पोरगी रस्सीच्या आत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पावलं मोजत चालत गेली, परत आली. मी विचारलं काय झालं. म्हणाली, "दादा, आमचं घर तं याच्या निम्म्यातबी नाही. अन् तेही ई-क्लासवर, सरकारी जागेवर हाय. नमुना आठ निघते, पण त्याच्यावर अतिक्रमण असा शेरा हाय, म्हणून घरकुल अडून रायलं."